आत कोणी जायचं

(ठाण्यातलं एक रुग्णालय, दुपार. एका बंद खोलीच्या बाहेर सून रसिका आणि सिस्टर शुभदा. काचेपलीकडे खाटेवर रसिकाची सासू शेवंती, आणि तिच्या उशाशी तिची लेक प्राप्ती.)

रसिका : मग तिला कसं सोडता आत? सांगा ना. ती लेक, आणि मी काय भाड्यानं आणलेली हाय?

शुभदा : ताई, लेक-सून असलं इथे काही नसतं. आत एकच माणूस, आणि त्याच्या हातात कोपराखाली काहीही नको. तिचे हात मोकळे आहेत. तुमच्या हातात पाटली आहे.

रसिका : ग्लोव्ज चढवते की पाटलीवरून. काल दाखवलं ना चढवून.

शुभदा : आणि काल तो तुमच्यासमोरच फाटला. सोन्याची कड आहे ती, रबर किती टिकणार? त्यातून पाटलीच्या खाली सॅनिटायझर पोचत नाही. वरून चोळलं तरी खाली घाम तसाच, जंतू तसेच.

रसिका : जंतू, जंतू. वीस वर्षं ही पाटली घालून मी मासळी साफ केली. कुणाला काय नाय झालं.

शुभदा : ते जंतू वेगळे, हे वेगळे. आजी मार्केटात घसरल्या, खुबा मोडला, ऑपरेशन नीट झालं. पण जखमेत आता जे जंतू निघालेत त्यांना जवळजवळ कुठलंच औषध लागू पडत नाही. एक इंजेक्शन उरलंय, तेही किडनीला जपत जपत द्यावं लागतं. म्हणून ही वेगळी खोली, म्हणून हा गाऊन, टोपी, मास्क. हे सगळं तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय.

रसिका : सांगितलंय. मी काय बहिरी नाय. पण ती आत काय करते ते तरी बघा. नुसती बसलीय खुर्चीत, पाहुणी आल्यासारखी. आयेच्या केसांत कंगवा फिरलेला नाय. डबा तसाच परत येतो रोज. तिला भात कसा लागतो, ते ठाऊक तरी हाय का हिला? आधी सार घालायचं, कुस्करायचं, मग बोंबलाचा तुकडा वरून. ही चमच्यानं भरवते. चमच्यानं! आय आमची जन्मात चमच्यानं जेवली नाय.

शुभदा : हळू बोला. पेशंट आहेत.

रसिका : हळूच बोलते. माझा जीव जळतोय सिस्टर, तुम्हाला काय सांगू. बाळकुमला घरात आयेचं सगळं मी करायचं, तिचं दुखलं-खुपलं मी बघायचं, आणि आजारपणात उशाशी कोण? तं डोंबिवलीवरून रिक्षानं आलेली ही. सणावाराला तोंड दाखवणारी. आणि आय तिच्याकडं बघून डोळे मिटते कशी समाधानानं. मी काचेतून बघते ना.

शुभदा : औषधानं गुंगी येते त्यांना.

रसिका : गुंगी नाय ती. मी ओळखते. सिस्टर... ती काय करतेय? तो मास्क का काढला तिनं?

शुभदा : कुठे? अहो! अहो प्राप्ती ताई! ग्लोव्ज कुठे गेला तुमचा? बाहेर या. आधी बाहेर या. दाराला हात लावू नका, मी उघडते. गाऊन तिथेच काढा, त्या पिवळ्या डब्यात. आता हात. चोळा. बोटांच्या मधे. अजून. मनगटसुद्धा.

रसिका : बघा! बघा तुमची शहाणी! माझी पाटली चालत नाय, आणि हिचा उघडा हात चालतो.

प्राप्ती : वहिनी, तू आता प्लीज गप्प बस हां. मी ऑलरेडी खूप डिस्टर्ब आहे.

शुभदा : कशाला काढलात? रोज सांगते मी तुम्हाला. रोज.

प्राप्ती : सॉरी.

शुभदा : सॉरीनं नाही भागत. कशाला काढलात?

प्राप्ती : ती मला रसिका म्हणत होती.

रसिका : काय?

प्राप्ती : रसिके पाणी दे. रसिके उशी वर कर. रसिके, पंखा कमी कर गो. पहिल्या दिवसापासून हेच चाललंय. मी कोणाला बोलले नाही. म्हटलं, मास्क आहे, टोपी आहे, ओळखत नसेल. आवाजावरून तरी ओळखेल ना? स्वतःची मुलगी आहे मी!

रसिका : मग तू बोलली नाय तिला, मी प्राप्ती म्हणून?

प्राप्ती : आज बोलले. आज ती म्हणाली, रसिके, ती आमची डोंबिवलीची येते का गो? नको बोलवू तिला. तिला इथली घाण सोसायची नाय. मला राहवलंच नाही मग. मी मास्क खाली केला, ग्लोव्ज काढला, तिचा हात घट्ट धरला. म्हटलं, आई, नीट बघ, मी प्राप्ती आहे.

शुभदा : मग?

प्राप्ती : मग काय. हसली. म्हणाली, रसिके, आजाऱ्याची चेष्टा करू नये.

रसिका : असं बोलली?

प्राप्ती : हो.

रसिका : हसून बोलली?

प्राप्ती : तुला मजा येतेय ना?

रसिका : येतेय. खोटं कशाला बोलू? इतके दिवस मी काचेला नाक लावून जळतेय, आणि आय आतमध्ये माझं नाव घेतेय. आज मला जेवण जाईल.

प्राप्ती : किती घाणेरडी आहेस गं तू.

रसिका : आणि तू? तू मास्क काढला तो आयेसाठी? नाय बाय. माझं नाव सोसलं नाय म्हणून काढला. नाकाला मिरच्या झोंबल्या तुझ्या.

प्राप्ती : झोंबल्या! हो, झोंबल्या! काय करशील?

शुभदा : दोघींनी आवाज खाली. प्राप्ती ताई, मला एक सांगा. घरी कोण कोण आहे तुमच्या? डोंबिवलीला?

प्राप्ती : मी, मिस्टर, मुलगा. सासरे.

शुभदा : सासऱ्यांची तब्येत?

प्राप्ती : ठीक असतात तसे.

रसिका : ठीक? डायलिसिसवर हायत ते. इथं नळी घातलीय त्यांच्या, गळ्याजवळ. आम्ही गणपतीत भेटायला गेलेलो की.

शुभदा : हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. घरी कोणी आजारी आहे का, कोणाला नळी, जखम, काही आहे का. तुम्ही नाही म्हणालात.

प्राप्ती : हो म्हटलं असतं तर सोडलं असतं मला आत?

शुभदा : नसतं सोडलं.

प्राप्ती : म्हणूनच.

शुभदा : म्हणूनच काय? ताई, तुम्ही घरी जाता, सासऱ्यांना चहा देता, औषध देता. हे जंतू तुमचं काही बिघडवणार नाहीत. तुम्हाला कळणारसुद्धा नाही की हातावर आहेत. पण त्या नळीतून ते सरळ रक्तात जातील. आणि मग त्यांच्यासाठीही तेच एक इंजेक्शन.

प्राप्ती : मी आंघोळ करते गेल्यावर. लगेच करते.

शुभदा : आजपासून तुम्ही आत जायचं नाही.

प्राप्ती : सिस्टर, असं नका ना करू. परत नाही काढणार मी. शप्पथ.

शुभदा : नाही म्हणजे नाही. सासऱ्यांच्या डायलिसिसवाल्यांनाही कळवा, आजच. तिथे अजून माणसं असतात त्या खुर्च्यांवर. दादा कुठे आहेत तुमचे? ते बसतील?

रसिका : सुदेश? तो आयेला बघून रडतो. परवा काचेबाहेर उभा राहून एवढा रडला की त्यालाच पाणी पाजायला लागलं. त्याचा काय उपयोग नाय.

प्राप्ती : बघ, झालं ना तुझ्या मनासारखं? आता तुझी पाटली आणि माझे सासरे. आई एकटी. बस आता दोघी बाहेर.

रसिका : माझ्या मनासारखं? हे सगळं कुणामुळं झालं? आयेला गोळ्यांची सवय कुणी लावली? अंग दुखलं की प्राप्तीनं दिलेली गोळी. सर्दी झाली की प्राप्तीनं दिलेली गोळी. सासऱ्यांच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या पिशवीत भरून आणायचीस. दोन खाल्ल्या, बरं वाटलं, बाकीच्या फळीवर. मी दिलेला काढा तसाच पडून राहायचा. लेकीची गोळी भारी!

प्राप्ती : महाग गोळ्या होत्या त्या! फेकायच्या होत्या का? मी चांगल्या मनानं आणायचे.

रसिका : चांगल्या मनानं नाय. मी काढा देते म्हणून तू गोळी द्यायची.

शुभदा : गोळ्यांनी काय झालं, काय नाही, ते आत्ता बोलून उपयोग नाही. रसिका ताई, मी तुम्हाला उद्या सांगणार होते, पण आत्ताच सांगते. जनरल वॉर्डात आजींच्या शेजारच्या खाटेवर चित्राबाई होत्या. लक्षात आहेत?

रसिका : लक्षात हायत म्हणजे? त्यांची पोरगी कामाला जाते, दिवसाचं कुणी नसायचं. मीच बघायची त्यांना. उशी, पाणी, ती लघवीची पिशवी. आयेची पिशवी रिकामी केली की लगेच त्यांची. किती आशीर्वाद द्यायच्या मला. का? बऱ्या झाल्या ना?

शुभदा : दोघींच्या पिशव्यांच्या मधे हात धुवायचात?

रसिका : पदराला पुसायची की. असं काय विचारता? सगळ्या वॉर्डात हेच चालतं, सिस्टर. एवढ्या खाटांना तुम्ही दोघीच. नातेवाईकांनी केलं नाय तं पेशंट ओल्यात पडतील.

शुभदा : खरं आहे. नाही म्हणत नाही मी.

रसिका : मग?

शुभदा : त्यांना ताप आलाय. रिपोर्टात तेच जंतू आहेत. आजींचेच.

प्राप्ती : ओ गॉड.

रसिका : माझ्या हातानं गेले?

शुभदा : कोणाच्या हातानं, ते सांगता येत नाही. आमच्याही हातून गेले असतील. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पळताना आम्हीही चुकतो. पण हातानंच गेले, एवढं नक्की. पायानं चालत नाहीत ते.

रसिका : मी आयेच्या ड्रेसिंगला तुम्हाला हात लावू द्यायची नाय. पट्टी सैल झाली की मीच दाबून बसवायची. तुम्ही ओरडायच्या.

शुभदा : ओरडायचे.

रसिका : मला वाटायचं, तुमचा हात कडक हाय. तिला माझ्याच हाताची सवय. दुसऱ्या कुणी तिचं केलं की माझं पोट दुखायचं. अगदी नर्सबाईनं केलं तरी. त्या चित्राबाई जगतील ना?

शुभदा : बघतोय आम्ही. ताप उतरतोय जरा.

रसिका : ही काढा.

शुभदा : काय?

रसिका : पाटली. काढा ही. कशानंही काढा. खाली हाय ना ते सगळं, अजून हाय ना?

प्राप्ती : निघते कुठे वहिनी? तू रडकुंडीला आलेलीस पहिल्या दिवशी, साबण लावून लावून.

शुभदा : थांबा, जेली आणते. नळी घालताना लावतो ती. साबणापेक्षा बरी. हं, हात वर धरा. प्राप्ती ताई, तुम्ही ओढा, मी कातडी मागे धरते. दोघीही ग्लोव्ज घालून.

प्राप्ती : वहिनी, अंगठा आत घे. अजून आत. बोटं चोचीसारखी कर.

रसिका : आई गं! हाड मोडशील माझं!

प्राप्ती : मुद्दाम नाही करत आहे.

रसिका : जरा मुद्दाम पण करतेयस.

प्राप्ती : जरा. हलत नाही ही. तुझा हात किती जाड झालाय गं.

रसिका : मग? घातली तवा काडीसारखा होता.

प्राप्ती : माहितीये. मी समोरच उभी होते. आईनं स्वतःच्या हातातली काढली आणि तुझ्या हातात घातली. म्हणाली, आजपासून मार्केटातल्या माझ्या जागेवर रसिका बसणार. सगळ्या कोळणी टाळ्या वाजवत होत्या. मी कॉलेजची बॅग घेऊन उभी.

रसिका : आमच्यात जागेबरोबर पाटली जाते. तिच्या सासूनं तिला तशीच दिली.

प्राप्ती : सुनेला जाते. मुलीला नाही. मला म्हणाली, तू शीक, तुझ्या हाताला मासळीचा वास नको. सगळे म्हणाले किती प्रेम लेकीवर. मला तर घरातून काढल्यासारखं वाटलं. तुला माहितीये, मी अजून तुझ्याकडे आले की आधी तुझा हात बघते? चेहरा नंतर.

रसिका : मला ठाऊक हाय.

प्राप्ती : ठाऊक आहे?

रसिका : म्हणून तं तू आलीस की मी हात पदराखाली नाय घेत. मुद्दाम पुढं करते.

शुभदा : नाही निघत. सूज यायला लागली. खाली कॅज्युअल्टीत अंगठ्या कापायचं कटर आहे. पाटलीला वेळ लागेल, पण कापता येईल.

प्राप्ती : कापायची? नाही. नाही हां सिस्टर. कापायची नाही.

रसिका : का गो?

प्राप्ती : आईची पाटली आहे ती! आई आत पडलीये, आणि बाहेर तिच्या सोन्यावर कटर चालवायचं? अपशकुन असतो. कोणी करत नाही असं.

रसिका : अपशकुन तुला कवापासून कळायला लागला? तुझ्याकडं तं सगळं सायन्स असतं.

प्राप्ती : वहिनी, ऐक ना. दुसरा काहीतरी मार्ग काढू. मी ट्रेन्ड बाई बघते, पैसे देऊन. कापू नको.

रसिका : आणि आय त्या बाईला पण रसिकाच बोलेल.

प्राप्ती : तुला फक्त आत जायचंय. मी बाहेर बसले की लगेच तुला आत जायचंय.

रसिका : हो, जायचंय! तीन-तीनदा विचारू नको, जायचंय! तू एवढे दिवस बसलीस, आता मी बसणार. पण ही घालून गेले आणि आयेचं अजून काही बिघडलं, तं ती पाटली मी रोज बघायची कशी? तू सांग. चला सिस्टर, कुठं हाय ते कटर.

*

प्राप्ती : सिस्टर, झालं. दोन ठिकाणी कापावी लागली. वॉर्डबॉय घाबरत होता, सोनं आहे म्हणून. हिनंच त्याला दम दिला.

शुभदा : दाखवा मनगट. खरचटलंय का? नाही. छान. आता पुन्हा पहिल्यापासून धुवायचं, मी बघत उभी राहते.

रसिका : हात कसा दिसतोय. दुसऱ्याच बाईचा वाटतोय.

प्राप्ती : पांढरा पडलाय तिथे. वहिनी, हे तुकडे कुठे ठेवू? प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेत त्यांनी.

रसिका : तुझ्या पर्समध्ये ठेव.

प्राप्ती : माझ्या?

रसिका : ठेवायला सांगितलंय. दिलेले नायत.

प्राप्ती : एवढं पण काही नाही हां. मला नकोच आहेत.

रसिका : हवेत. तुझं तोंड बघ आरशात. धर नीट, पिशवी उघडू नको. घरी नेऊ नको, सासरे हायत. इथंच ठेव, सुदेशकडं दे जाताना.

शुभदा : गाऊन. मागून मी बांधते. टोपी. केस आत घ्या सगळे. मास्क. आता ग्लोव्ज. आणि ताई, आजींना काहीही वाटलं, त्या रडल्या, ओरडल्या, तरी यातलं एकही काढायचं नाही. डबा आहे ना?

रसिका : हाय. हातानं भरवू? ग्लोव्ज घालून?

शुभदा : भरवा. नवे ग्लोव्ज घालून भरवा.

प्राप्ती : वहिनी.

रसिका : काय?

प्राप्ती : काही नाही. ती उजव्या कुशीवर झोपली की कण्हते. डावीकडेच ठेव. आणि पाणी मागते पण पीत नाही, ओठ ओले केले की झालं. हे तुला माहीत नसणार.

रसिका : नव्हतं.

प्राप्ती : जा. थंड होईल भात.

शुभदा : बसा तुम्ही, प्राप्ती ताई. किती वेळ उभ्या राहणार?

प्राप्ती : काचेवर ऊन येतंय. मला काही दिसत नाहीये. तुम्ही दाराशी आहात, तुम्हाला दिसतंय का?

शुभदा : दिसतंय. वहिनी खाटेजवळ गेल्या. डबा उघडला. आजींचा हात हातात घेतला.

प्राप्ती : आई जागी आहे?

शुभदा : आहे. काहीतरी बोलतायत.

प्राप्ती : काय? रसिके, हेच ना? मला ऐकायचं नाही. सांगा. काय म्हणतेय?

शुभदा : ‘प्राप्ती, आलीस का गो?’ असं विचारतायत.

प्राप्ती : ...माझं नाव घेतलं? वहिनी काय म्हणाली मग? मी रसिका आहे, म्हणाली असेल. जोरात म्हणाली असेल.

शुभदा : नाही. घास पुढे केला आणि म्हणाल्या, ‘हो आई, आले.’